पाच कुठून आणायचा?

परवा अकरावीतली भाची वही आपटतच आली. "मामा, लॉग २ आणि लॉग ३ दिलेत, आणि लॉग ४५ काढा म्हणे. पाच दिलेलाच नाही! मी गणित सोडणारे."

४५ = ३ × ३ × ५ इथपर्यंत बाईंची गाडी बरोबर होती. नियमही तोंडपाठ. पुढे मात्र ५ म्हणजे २ + ३, म्हणून लॉग २ + लॉग ३ = ०.७७८१ असं ठोकून दिलेलं.

"अगं, हा लॉग ६ झाला. गुणाकाराची बेरीज होते, बेरजेचं काहीच होत नाही. बरं, पाया कोणता?"
"१०."
"मग १० चा लॉग?"
"१." दोन सेकंद शांतता. "अय्या! ५ म्हणजे १० भागिले २!"

१ − ०.३०१० = ०.६९९०. त्यात ०.४७७१ ची दुप्पट मिळवली, की १.६५३२. झालं!

नेपियरने १६१४ साली लॉगची कोष्टकं छापली ती आकडेमोडीचे कष्ट वाचवायला. आता ते काम मोबाईल करतो, मग पोरांना कशाला छळायचं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. उत्तरासाठी हे शिकवायचंच नाही मुळी. हाताशी काय आहे ते ओळखायचं, आणि न सांगितलेलंही एक काहीतरी जवळ असतं ते हुडकायचं, यासाठी शिकवायचं. आम्हाला नुसती सूत्रं घोकायला लावली. मला मार्क पैकीच्या पैकी पडले, पण तो १० काही मला वर्षभर दिसला नव्हता. भाचीला दिसला, तोही रागाच्या भरात!

रात्री पुन्हा हजर. "मामा, ७ नाही मिळत. २, ३, ५ कितीही गुणा-भागा."

खरंच नाही मिळत. आणि हे तिचं तिला कळलं, याचा मला ४५ पेक्षा जास्त आनंद झाला. मी एवढंच म्हटलं, "४९ हे ५० च्या शेजारी राहतात."

लॉग ५० म्हणजे १.६९९०. त्याचं निम्मं ०.८४९५. लॉग टेबलात ७ समोर ०.८४५१ आहे. शेजाऱ्याकडून आणलेलं विरजण, थोडं कमी-जास्त व्हायचंच :)

गणित सोडायचा विषय तूर्त तरी निघालेला नाही.