पुराची बेगमी वेगळी

वर्षाचं धान्य भरायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी हल्ली न विचारता एक सल्ला देतो: पुराची बेगमी वेगळी करा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतला किराणा दुकानदार असं म्हणाला की लोकांना वाटतं, माल खपवायची नवी युक्ती. वाटेना का.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. राजाराम बंधाऱ्याचे हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये त्याहूनही वर. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि दूध, भाजी, पेट्रोल सगळंच अडकलं. बालिंगा-शिंगणापूरचे पंप बुडाल्यामुळं नळ कोरडे. दारात पुरुषभर पाणी आणि प्यायला टँकरची वाट.

त्या दिवसांत घरात पोत्यांची थप्पी असलेल्यांचेही हाल झाले. वीज नाही म्हणजे गिरण बंद, मग गव्हाचं करायचं काय? शाळूचं पीठ आधीच दळून ठेवावं तर ते लवकर कडू पडतं. तांदळाला बोरिक पावडर लावलेली, तूरडाळीला एरंडेल चोळलेलं; तीन-चार पाण्यांनी धुतल्याशिवाय शिजवायची सोय नाही, आणि धुवायला पाणी कुठलं? आपली बेगमीची रीत कीड आणि भाववाढ डोळ्यांपुढं ठेवून बसलेली आहे. महापूर तिच्या हिशेबातच नाही. सरकारच्या तरी कुठं होता? २०१९ ला पूरग्रस्त कुटुंबांना मदत जाहीर झाली ती १० किलो गहू आणि १० किलो तांदळाची. ज्या घरात चूलच पाण्यात, तिथं गहू!

पुराची बेगमी दोन आठवड्यांची पुरे, पण ती चुलीवाचून खाता आली पाहिजे. पातळ पोहे, चुरमुरे, हरभऱ्याचं डाळं, शेंगदाणे, गूळ, सातूचं पीठ. सातू तर याच कामासाठी जन्मलाय. भाजूनच दळलेला, पाण्यात गूळ कालवला की जेवण. जोडीला थोडे तांदूळ आणि मूगडाळ, काहीही न चोळता. मूगडाळ एवढ्यासाठी की ती लवकर शिजते, गॅस वाचतो.

न चोळता ठेवलं तर कीड लागेल, असं बायका म्हणतात. कीडही श्वास घेते, तो कोंडला की ती मरते. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची कुटुंबं याच तत्त्वावर तांदूळ तीस-तीस वर्षं टिकवतात: जाड चंदेरी पिशवी, आत लोखंडाच्या भुकटीची पुडी. भुकटी गंजताना हवेतला प्राणवायू ओढून घेते. आपल्याला तीस वर्षं नकोत, एक पावसाळा निघाला तरी बास. शीतपेयाची दोन लिटरची बाटली धुऊन खडखडीत वाळवायची. डाळ उन्हात घालायची आणि दाताखाली धरून बघायची. कट्कन तुटली पाहिजे, चिवट लागली तर अजून एक ऊन. आता इथं घाई नडते. उन्हातली डाळ तशीच गरम भरली की आत बाटलीला घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर कापडावर निवू द्यायची, मग भरायची, बाटली जमिनीवर आपटत आपटत, गळ्यापर्यंत. बूच घट्ट पिरगाळून त्यावर मेणबत्तीचं मेण. अशी बाटली पाण्यात पडली तर तरंगते, पोत्यासारखी आंबत नाही. तरी ठेवायची माळ्यावरच, आणि उचलून पळता येईल एवढ्याच वजनाच्या गठ्ठ्यात. दसऱ्यापर्यंत नदीनं त्रास दिला नाही तर खाऊन टाकायचं. शेंगदाणे त्यापुढं खवट होतातच.

कीड लागू नये म्हणून धान्यात टाकतात त्या पाऱ्याच्या गोळ्या मात्र नकोत. अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात ताटं वाढताना गोळी पोराच्या भातात गेली तर कोणाला दिसणार? माझ्या दुकानात त्या मागूही नयेत.

हे सगळं घरोघरी जमेल असं मी म्हणत नाही. चिखली-आंबेवाडीत, शिरोळच्या नदीकाठी, हातावर पोट असलेलं माणूस मे महिन्यात दोन आठवड्यांचं जास्तीचं खाणं कुठून आणणार? तिथं रेशननंच हात द्यायला हवा. २०२५ ला केंद्रानं जून ते ऑगस्टचं धान्य पावसाआधीच एकदम उचलायला सांगितलं. निर्णय चांगला, पण तीन महिन्यांचं धान्य तळमजल्यावरच्या एका खोलीत पोत्यात ठेवलं तर पहिल्याच पुरात तिन्ही महिने भिजणार. पूररेषेतल्या प्रत्येक कार्डावर धान्याबरोबर घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा बॅरल द्या, आणि वाटपातल्या थोड्या गव्हाऐवजी पोहे-डाळं. महापालिका दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या घरांना स्थलांतराच्या नोटिसा देते. त्याच कागदाच्या मागं ही यादी छापावी, आणि तो कागद ऊन कडक असताना, एप्रिलमध्येच हातात पडावा. जूनमध्ये डाळ वाळवायची कुठं?