प्रतिपिंडाचीही परीक्षा हवी

रास्ना म्हणून भलतेच मूळ हाती पडल्याचा अनुभव आपणां सर्वांस आहे. प्रयोगशाळेतील प्रतिपिंडाचेही तसेच. दृष्टिपटलाच्या रंजक पेशींतील ‘आरपीई ६५’ हे प्रथिन ‘अ’ जीवनसत्त्वापासून दृष्टीस आवश्यक द्रव्य घडविते. ते ओळखण्यासाठी योजलेले प्रतिपिंड दुसऱ्याच प्रथिनास चिकटले तर? त्रिफळाघृताच्या नेत्र्यत्वास असा पुरावा जोडू पाहणाऱ्या फार्मसीचालकांस आम्ही एवढेच विचारतो : ज्या पेशींत हे प्रथिन नाहीच, तेथे तुमचे प्रतिपिंड कोरे राहिले काय? अशा पेशी दुर्मिळ नाहीत. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरविणारे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आपल्या गणेशखिंडीतच आहे. ते छायाचित्र पाहिल्यावाचून माहितीपत्रकातील ‘प्रयोगसिद्ध’ हा शब्द आम्हांस मान्य नाही.