नव्या बिनतारी चिपची वाट पाहावी काय?

शेतातील ओलावा मोजून तो बिनतारी लहरींनी घरी कळविणाऱ्या यंत्रांविषयी विस्तार कार्यकर्त्यांकडे अलीकडे विचारणा होऊ लागली आहे. ठिबक संचावर द्राक्षे, डाळिंब अथवा ऊस घेणाऱ्या बागाईतदारांना, तसेच तालुक्याच्या गावी अशी यंत्रे जोडून देणाऱ्या होतकरू तरुणांना त्यांत रस वाटावा हे योग्यच होय. परंतु या विचारणेच्या पोटात बहुधा एक शंका असते. आणखी कमी विजेवर चालणारी नवी चिप लवकरच येणार असे ऐकतो. तेव्हा यंत्र आता घ्यावे, की ती येईपर्यंत थांबावे? ओलावा मोजण्यापुरते बोलावयाचे तर थांबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका कामासाठी मात्र थांबण्यात अर्थ आहे. तेही पुढे सांगू.

चिप ‘येणार’ म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. कारखानदार चिप जाहीर करतो त्या दिवशी ती विक्रीस तयार असतेच असे नाही. प्रथम मोठ्या गिऱ्हाइकांकडे नमुने जातात, त्यांत आढळलेले दोष काढले जातात, मग मोठे उत्पादन सुरू होते. पुढे कोणी ती छोट्या पट्टीवर बसवून विकू लागतो, तिच्यासाठी लागणारी आज्ञावली हळूहळू भरवशाची होते. शिवाय बिनतारी उपकरण म्हणून सरकारी मान्यता घ्यावी लागते ती वेगळीच. शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीने ईएसपी३२-सी६ ही चिप एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केली. ती खुल्या विक्रीस आली जानेवारी २०२३ मध्ये. या अवधीत आपल्याकडील दोन खरीप व एक रब्बी हंगाम उलटले आणि दुसऱ्या रब्बीची पेरणीही आटोपली. त्याच कंपनीच्या जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या सी५ चिपचे मोठे उत्पादन सुरू होण्यास २०२५ साल उजाडले. यात कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. या धंद्याची रीतच तशी आहे. पावसाची वाट पाहाणे आपणांस नवे नाही. परंतु पावसावाचून पेरता येत नाही, नव्या चिपवाचून ओलावा मोजता येतो.

आता विजेचा हिशेब करू. लांब पल्ल्याच्या लोरा पद्धतीचे यंत्र दर तासाला एकदा मातीचा ओलावा कळविते असे धरा. एक संदेश धाडण्यास पाव सेकंद लागतो व त्या वेळी सुमारे १२० मिलिअँपिअर प्रवाह खर्च होतो. दिवसाचे २४ संदेश म्हणजे अवघी सहा सेकंदे. खर्च सुमारे ०.२ मिलिअँपिअर-तास. उरलेला सारा दिवस यंत्र झोपलेले असते. झोपेत सर्व मिळून १० मायक्रोअँपिअर लागले, तर दिवसाला आणखी ०.२४. सेन्सरला वाचनापुरती दिलेली वीज धरली तरी दिवसाचा खर्च एक मिलिअँपिअर-तासाच्या आत राहातो. २,००० मिलिअँपिअर-तासांचा सेल या हिशेबाने पाच वर्षांहून अधिक पुरावा. सेल स्वतःही हळूहळू उतरतो म्हणून दोन-तीन वर्षे धरावीत. हे सर्व आज मिळणाऱ्या चिपवर होते.

मग बाजारातील कित्येक यंत्रांचे सेल पंधरवड्यात का संपतात? त्यांतील स्वस्त पट्ट्या उघडून पाहाव्यात. वीज चालू असल्याचे दाखविणारा बारीक दिवा रात्रंदिवस जळत असतो, आणि एएमएस१११७ या प्रकारचा व्होल्टेज-नियामक काही काम नसतानाही सुमारे पाच मिलिअँपिअर पीत असतो. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास तर तिथेच गेले! अशा पट्टीवर जगातील सर्वोत्तम चिप बसविली तरी सेल सतरा दिवसांपलीकडे जाणार नाही. गळक्या पाटाला नवा पंप जोडण्यासारखेच ते आहे. म्हणून विक्रेत्याला चिपचे नाव विचारण्याआधी, संपूर्ण यंत्र झोपेत असताना किती प्रवाह घेते, तो आकडा विचारावा. आणि शक्य तर मीटर लावून दाखवावयास सांगावे.

अँटेनाच्या उंचीकडेही असेच दुर्लक्ष होते. उभा ऊस म्हणजे पाण्याची भिंतच. लहरी त्यात शोषल्या जातात. लागणीच्या वेळी उत्तम चाललेले यंत्र ऊस वाढल्यावर मुके होते ते यामुळे. संदेश पोहोचेना म्हणून यंत्र सर्वांत संथ गतीवर लावले, तर तोच संदेश सर्वांत जलद गतीच्या मानाने वीस पटींहून अधिक वेळ हवेत राहातो, आणि सेल त्या मानाने झिजतो. पिकाच्या माथ्यावर जाणारा एक बांबू येथे जी बचत करील, ती चिपच्या नव्या पिढीकडून होणे कठीण आहे.

याहून मोठे काम मातीचे आहे. काळ्या जमिनीत ओलावा कमी झाला की माती आकसते, सेन्सरपासून सुटते, मधे हवेची फट पडते आणि आकडा खोटा येतो. शिवाय कारखान्यात ठरविलेला आकडा आपल्या रानाला लागू पडतोच असे नाही. पाणी दिल्यानंतर, वाफसा आल्यावर आणि पीक सुकू लागण्याच्या सुमारास अशा तीन वेळी सेन्सरजवळची माती घ्यावी, तिचे वजन करावे, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे आणि सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहावे. भट्टीची सोय घरी नसते. जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत विचारावे. ही नोंद ज्याच्यापाशी नाही त्याला नवी चिप खोटा आकडाच अधिक काटकसरीने कळवील. ही नोंद करण्यास हंगाम लागतो, आणि तो थांबण्यात गेला की गेला.

थांबण्यात अर्थ आहे तो पाण्याच्या झडपांसाठी. दुरून उघडावयाच्या झडपेला आज्ञा केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून तिचा ग्राहक सतत जागा ठेवावा लागतो. सेमटेकच्या जुन्या एसएक्स१२७६ चिपला ऐकत राहाण्यास दहा-बारा मिलिअँपिअर लागत. नंतरच्या एसएक्स१२६२ ला पाचाच्या आत भागते. दिवसाला अडीचशेच्या वर जाणारा खर्च त्यामुळे सुमारे ११० मिलिअँपिअर-तासांवर येतो, आणि सौर पट्टी निम्म्या आकाराची पुरते. येथे प्रत्येक नवी पिढी खरोखर पैसे वाचविते. ज्यांना झडपाच बसवावयाच्या आहेत व ज्यांची तूर्त गैरसोय होत नाही, त्यांनी सहा महिने कळ काढली तर आमचा आक्षेप नाही.

इतरांनी यंत्र घेताना बिनतारी भाग सुटा काढता येईल असे घ्यावे. खांब, पेटी, सेल व पुरलेला सेन्सर तसेच ठेवून पुढे नखाएवढी पट्टी बदलता येते. आज्ञावलीत थोडा फेरफार करावा लागेल, पण तो जोडणारा तरुण करून देईल. पट्टी मागविताना ती ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या आपल्याकडील परवानामुक्त पट्ट्यात चालणारी आहे, हे लेखी विचारून घ्यावे. अमेरिकेसाठी केलेल्या ९१५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्या स्वस्तात दिसल्या तरी त्या येथे लावता येत नाहीत.