शर्यत रस्त्यावर, निकाल लॉजच्या गल्ल्यावर

धावणे हा सर्वांत लोकशाहीवादी खेळ आहे, असे म्हणण्याची आता रीतच पडली आहे. बॅट नको, रॅकेट नको, मैदानाचे भाडे नको; दोन पाय आणि एक रस्ता पुरेसा. दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने हे विधान व्यासपीठांवरून आवर्जून केले जाते. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धसत्याइतके प्रस्थापितांच्या सोयीचे दुसरे काही नसते. धावणे फुकट आहे. धावण्याच्या जागी पोहोचणे आणि आदल्या रात्री तेथे पाठ टेकणे फुकट नाही. हा दुसरा खर्च आता इतका वाढला आहे की, शर्यतीत कोण उतरणार याचा निर्णय छातीतील दमापेक्षा खिशातील दामावर होऊ लागला आहे.

हा खर्च आभाळातून पडलेला नाही. त्याचा मोठा भाग स्पर्धेच्या नियमांनीच निर्माण केला आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनची ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण शर्यत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. छातीवर लावायचा क्रमांक मात्र त्या पहाटे मिळत नाही; तो आधीच्या दिवसांत वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. म्हणजे आष्टीच्या किंवा माणच्या तरुणाला शनिवारपर्यंत मुंबईत यावेच लागते आणि रात्र काढावीच लागते. लोकल गाड्या मध्यरात्रीनंतर काही तास बंद असल्यामुळे ती रात्र शक्यतो आरंभरेषेजवळच काढावी लागते. रेल्वे त्या पहाटे जादा गाड्या सोडते खरी. पण ती सोय उपनगरात घर असलेल्यांची आहे, मुंबईत घर नसलेल्यांची नव्हे. ज्या दक्षिण मुंबईत जागेचे भाव देशातील सर्वांत चढ्या भावांत मोडतात, तेथेच एका रात्रीचा आसरा शोधण्याची पाळी दुष्काळी तालुक्यातील धावपटूवर येते. लॉज परवडले नाही तर फलाट आहेच. फलाटावर रात्र जागवलेला आणि वातानुकूलित खोलीत झोपलेला, हे दोघे पहाटे एकाच रेषेवर उभे राहतात आणि याला समान संधी म्हटले जाते.

पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीत तर हे अधिकच उघडे पडते. १९७८ साली हवाई बेटांवर अवघ्या १५ जणांनी सुरू केलेली आयर्नमॅन शर्यत पुढे कंपनी झाली. ती कंपनी २०१५ साली एका चिनी उद्योगसमूहाने ६५ कोटी डॉलरना घेतली आणि २०२० साली अमेरिकी भांडवलाला ७३ कोटी डॉलरना विकली. गिरणी विकावी तशी शर्यत विकली गेली. तिचीच अर्धी आवृत्ती, १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आली. येथेही नावनोंदणीची तपासणी आधी आणि सायकल आदल्या दिवशी जमा, असा नियम आहे. त्यामुळे निदान दोन रात्रींचा मुक्काम ठरलेलाच. तोही गोव्याचा पर्यटन-हंगाम उघडण्याच्या दिवसांत. शिवाय सायकल खोलून, खोक्यात भरून नेण्याचा खर्च वेगळा.

अर्थशास्त्रात अशा कमाईला स्वच्छ नाव आहे. रिकार्डोने १८१७ साली शेतजमिनीच्या संदर्भात खंडाची मीमांसा केली, तिचा गाभा असा की, जागेच्या दुर्मिळतेमुळे मालकाच्या पदरात जे पडते ते त्याच्या श्रमाचे फळ नसते. शर्यतीच्या रात्रीचा खोलीचा वाढीव दर हा नेमका असा खंड आहे. रस्ता पालिकेचा, बंदोबस्ताला पोलीस सरकारचे, धावपटू पुढे गेल्यावर रिकाम्या बाटल्या गोळा करणारे हात सफाई कामगारांचे, आणि ज्यांच्यासाठी हे सारे, ते घाम गाळणारे पाय धावपटूंचे. त्या रात्रीपुरती लॉजमालकाने एक खाटही वाढवलेली नसते. सार्वजनिक खर्चातून आणि इतरांच्या घामातून निर्माण झालेली दुर्मिळता तो केवळ वसूल करतो.

बाजारवादी पंडित यावर म्हणतील की, मागणी वाढली की किंमत वाढणारच. किंमत वाढली की पुरवठा वाढेल. हा युक्तिवाद कांद्याला कदाचित लागू पडेल. जानेवारीतील एका शनिवारच्या रात्रीला लागू पडत नाही. त्या रात्रीसाठी नवे हॉटेल उभे राहत नसते. पुरवठा जेथे तात्पुरता गोठलेला असतो तेथे चढी किंमत वस्तू वाढवीत नाही, फक्त माणसे गाळते. आणि ती कोणाला गाळते हे सांगायला पंडिताची गरज नाही.

राज्यसंस्था या प्रकरणात तटस्थ आहे असेही नाही. १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीला पूर्वी वस्तू व सेवा कर नव्हता. १८ जुलै २०२२ पासून त्या गरिबाच्या खोलीवर १२ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला, म्हणून पाठ थोपटून घेण्यात आली. पण जेथे शून्य होते तेथे शून्य परत आले नाही. रेल्वेने मार्च २०२० मध्ये महामारीचे कारण सांगून विद्यार्थी, रुग्ण आणि दिव्यांग यांच्या काही गटांखेरीज बहुतेकांच्या भाडेसवलती काढून घेतल्या. त्यांत ज्येष्ठ नागरिकांबरोबर स्पर्धांना जाणारे खेळाडूही होते. महामारी ओसरली, सवलत परतली नाही. उलट ‘प्रीमियम तत्काळ’ या गोंडस नावाखाली, जागा कमी होतील तसे भाडे चढवण्याची खासगी विमान कंपन्यांची विद्या सरकारी रेल्वेनेही आत्मसात केली आहे. एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढले. खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये, असा राज्य सरकारचा आदेश २०१८ पासून आहे. दिवाळीत गावी जाणाऱ्या कोणत्याही कामगाराला विचारावे, तो आदेश कोठे राहतो ते.

काही सहकाऱ्यांना येथे शंका येईल. महागाई, बेकारी, शेतमालाचा भाव हे प्रश्न पेटलेले असताना मॅरेथॉनच्या मुक्कामाची चिंता पक्षाने का करावी? हे तर सुखवस्तूंचे रविवारचे वेड! शंका प्रामाणिक आहे, परंतु तिच्यात प्रस्थापितांचा विजय गृहीत धरलेला आहे. मॅरेथॉन सुखवस्तूंची दिसते, कारण इतरांना तेथे पोहोचता येत नाही. या महाराष्ट्रात लांब पल्ल्याचे धावणे कोणत्या मातीतून उगवले ते पाहावे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिली आलेली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर दुष्काळी माण तालुक्यातील मोहीची. २०२३ च्या आशियाई स्पर्धांत स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवणारा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातील मांडव्याचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरचे कांस्य आणणारी कविता राऊत नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील सावरपाड्याची. ज्यांच्यापाशी दुसरे भांडवल नाही त्यांचे भांडवल म्हणजे दम. गावोगावच्या अनेक मुलामुलींना शर्यतीचे बक्षीस ही हौस नसून वर्षाची फी असते, घरातील दुखण्याचा खर्च असतो. त्यांच्या वाटेत लॉजच्या दरपत्रकाची भिंत उभी करणे म्हणजे श्रमिकांच्या हातातील उरलेसुरले साधनही काढून घेणे होय.

प्रवासखर्चाने खेळाडूची कोंडी करण्याची परंपरा येथे जुनीच आहे. १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाण्यासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते असे, गहाणखतावर. सत्तर वर्षांनंतरही त्याच गहाणखताचे गोडवे गायचे की ते अनावश्यक होईल अशी व्यवस्था उभारायची, हा प्रश्न आहे.

बहिष्कार दोन प्रकारचा असतो: कायद्याचा आणि किमतीचा. दक्षिण आफ्रिकेत डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग अशी सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ पासून आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती सुरू झाली. पण सोबतीचे नाव घेणाऱ्या या शर्यतीत काळ्या माणसांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७५ साली मिळाला. रॉबर्ट म्चाली हा काळा धावपटू १९३५ सालीच ते अंतर धावला होता. त्याची नोंद कोणी घेतली नाही. कायद्याचा हा बहिष्कार निदान दिसत होता, म्हणून त्याच्याशी लढता आले. किमतीचा बहिष्कार दिसत नाही. तो कोणालाही ‘नाही’ म्हणत नाही. खोलीचा दर सांगतो आणि माणूस आपोआप परत फिरतो. म्हणूनच तो अधिक घातक आहे.

याला पर्याय काय, असे विचारणाऱ्यांनी आषाढात आळंदीच्या रस्त्याकडे पाहावे. पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर लाखो माणसे पायी चालतात. प्रवेशशुल्क नाही, हॉटेल नाही. दिंडी आपला तंबू नेते, गाव भाकरी देते, मठ आणि शाळा दारे उघडतात, एसटी जादा गाड्या सोडते, वारकऱ्यांच्या वाहनांना सरकार टोल माफ करते. दमसासाच्या एवढ्या मोठ्या उपक्रमाची निवासव्यवस्था येथील समाजाने शतकानुशतके बाजाराच्या बाहेर चालवून दाखवली आहे. वारी ही शर्यत नव्हे, हे मान्य; पण चालणाऱ्याची रात्र ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व तिने सिद्ध केले आहे.

सरकारला किमतींवर हात ठेवता येत नाही, हीसुद्धा एक दंतकथाच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे कोलमडून भाडी भडकली, तेव्हा केंद्राने अंतरानुसार कमाल भाडे ठरवून दिले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, तर दीड हजार किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये. विमानप्रवाशासाठी जे एका दिवसात होते, ते फलाटावर झोपणाऱ्या धावपटूसाठी का होऊ नये?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक रस्ता वापरण्याची परवानगी देताना पालिकेने अट घालावी की, बाहेरगावच्या स्पर्धकाला क्रमांक टपालाने किंवा शर्यतीच्या पहाटे आरंभरेषेवर मिळेल. मतदानासाठी ज्या पालिका शाळा उघडतात, त्या शर्यतीच्या आदल्या रात्री नाममात्र शुल्कात निवासासाठी उघडाव्यात, त्यांत स्त्रियांची स्वतंत्र सोय असावी. रेल्वेने खेळाडूंची सवलत परत द्यावी आणि ती खुल्या शर्यतींनाही लागू करावी. १,००० रुपयांपर्यंतची खोली पुन्हा करमुक्त व्हावी. शर्यतीच्या दिवसांसाठी लॉजचे कमाल दर जाहीर व्हावेत. नामवंत धावपटूंचा प्रवास आणि मुक्काम आयोजक आनंदाने सोसतात. त्याच तिजोरीतून ग्रामीण आणि आदिवासी धावपटूंसाठी निवासनिधी काढला तर तो दानधर्म ठरणार नाही, रस्त्याचे भाडे ठरेल.

परंतु केवळ निवेदने देऊन थांबणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. मुंबईत परळ, लालबाग, भायखळा, डोंगरी या वस्त्यांत पक्षाला मानणारी घरे अजून आहेत, कामगार संघटनांच्या कचेऱ्या आहेत, त्यांत सतरंज्या अंथरण्यापुरती जागा आहे. जिल्हा शाखांनी आपापल्या तालुक्यांतील धावपटूंच्या याद्या कराव्यात. मुंबई शाखेने त्यांच्या दोन रात्रींचा आसरा आणि पहाटेचा चहा यांची जबाबदारी घ्यावी. त्यातून सर्वांची सोय होणार नाही, परंतु जे शंभर जण येतील ते पालिकेच्या दारात मागणी घेऊन उभे राहतील, तेव्हा त्या मागणीला पाय असतील. येत्या जानेवारीपूर्वी हे काम सुरू व्हायला हवे.