सुट्टी आपली, पाऊस त्यांचा

हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेत हल्ली परदेशवारीच्या गप्पा कानी पडतात. रायगड झाला, आता मुलांना टोकियोचे डिस्नेलँड दाखवायचे! जरूर दाखवावे. पण मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. पैसे गुंतवण्याआधी मुदत पाहतो. कित्येक घरांत ही सहल आजी-आजोबांच्या बचतीतून, एकदाच होणारी असते.

१९८३ साली सुरू झालेल्या या उद्यानात बरेचसे फिरणे उघड्यावरच. एप्रिलअखेरपासून ५ मेपर्यंत जपानलाही सुट्ट्या असतात. तेव्हा गर्दी लोटते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सहसा तिथेही पावसाळा लागतो. म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीतले मधले तीन आठवडे काय ते सोयीचे. कचेरीतली रजा त्यातच बसवावी.

दुसरी अडचण भाषेची. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. तिथे भाजीच्या रश्शातही बऱ्याचदा सुक्या माशांचा अर्क असतो. माळकरी आजीला उपास घडू नये म्हणून ‘मांस, मासे, माशांचा अर्क चालत नाही’ अशी चिठ्ठी जाणकाराकडून जपानीत लिहवून घ्यावी.

यात कमीपणा कसला? १६७४ साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडी आला, तेव्हा बोलणी करायला नारायण शेणवी हा दुभाष्या होताच. राज्याभिषेकही ६ जूनला, पावसाच्या तोंडावर पार पडला. आभाळ आणि भाषा यांची तजवीज आधी करावी. मग खुशाल पाळण्यात बसावे.