गाव लहान, मन मोठे हवे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सॉक सेंटरची वस्ती जेमतेम साडेचार हजार. इथे १८८५ साली जन्मलेल्या सिंक्लेअर लुईसने १९२०च्या ‘मेन स्ट्रीट’ कादंबरीत अशा गावांचा कोतेपणा वेशीवर टांगला. गावकरी दुखावले. पण १९३० साली तो साहित्याचे नोबेल मिळवणारा पहिला अमेरिकी ठरला आणि पुढे गाव आपला मुख्य रस्ता ‘ओरिजिनल मेन स्ट्रीट’ म्हणून मिरवू लागले. १९५१ साली रोममध्ये वारलेल्या लुईसच्या अस्थीही अखेर इथेच पुरल्या गेल्या.

सॉक सेंटरसारख्या, अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या लहान गावांत घर परवडते, हिमवादळानंतर शेजारी न बोलावता फावडे घेऊन येतो, शाळेच्या फुटबॉल सामन्याला अख्खे गाव लोटते. मात्र तज्ज्ञ डॉक्टरसाठी तासन्‌तास गाडी हाकावी लागते, शिकलेल्या मुलांना शिक्षणाजोगते काम मिळत नाही आणि चारचौघांपेक्षा वेगळे वागणाऱ्याची चर्चा सगळीकडे होते.

आपुलकी आणि चौकशा एकाच ओळखीतून येतात, हे आम्हाला मान्य आहे. तरीही आपुलकी जपून माणसाला मोकळीक देणे गावाच्याच हाती असते. टीकाकारालाही आपला म्हणणाऱ्या गावाकडेच तरुण परत येतील, असा आमचा ठाम विश्वास आहे.