साठीच्या माणसालाही एचआयव्हीचं विचारा

गुडघेदुखीची चिठ्ठी घेऊन काउंटरवर येणाऱ्या साठीपुढच्या माणसाला मी विचारतो, "दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" बीपीची, शुगरची, गॅसची अशी यादी भराभर येते. मग मी पुढं विचारतो, "सरकारी दवाखान्यातून दर महिन्याला काही मिळतं का?" बहुतेक जण 'नाही' म्हणून मोकळे होतात. काही जण मात्र आधी मागं वळून रांगेत कोण उभं आहे ते बघतात. त्यांना मी काउंटरच्या आत, औषधांच्या रॅकमागं स्टुलावर बसवतो आणि मग बोलतो.

गंगाखेडात मी नव्वदच्या दशकापासून मेडिकल चालवतोय. मला हा प्रश्न विचारावा लागतो याला कारण आहे. एचआयव्हीसाठी सरकारकडून फुकट मिळणारी आजची नेहमीची गोळी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर यांची मिळून एक गोळी. दिवसातून एकदा घ्यायची, बाटलीत तीस. गोळी चांगली आहे, आधीच्या औषधांच्या मानानं फारच सुसह्य. पण टेनोफोविरचा भार मूत्रपिंडावर आणि हाडांवर पडतो. त्यात गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅक चालू राहिलं तर किडनीला दुहेरी मार. डोल्युटेग्राविरमुळं शुगरच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ते दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नसतं. गॅसचं पातळ औषध किंवा ॲन्टासिडची गोळी एचआयव्हीच्या गोळीसोबतच घेतली तर ती अंगी लागत नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर लागतं. उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबर घेतली तरी तेच. आता सांगा, गुडघा, शुगर, गॅस आणि कॅल्शियम यांच्याशिवाय आपल्याकडं साठीनंतरचा कोणता माणूस राहतो?

गुडघ्याच्या डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नसतं, कारण पेशंट सांगत नाही. बाटलीवरचा कागद सोलून काढलेला असतो, नाहीतर गोळ्या सुपारीच्या डबीत असतात. सुनेनं विचारलं तर "ताकदीच्या आहेत" एवढंच उत्तर. कितीतरी जण परभणीच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या सरकारी केंद्राला, जाण्याऐवजी नांदेडला किंवा अंबाजोगाईला नाव घालतात, केवळ ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. परभणी इथून चाळीसेक किलोमीटर. तेवढं अंतर त्यांना कमी वाटतं.

हे लोक म्हातारे झाले, हीच मुळात मोठी गोष्ट आहे, आणि ती नीट कुणी सांगितलेली नाही. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली चेन्नईत झाली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या भागात हा आजार आला तो ट्रकबरोबर, मुंबई-पुण्याच्या कामांबरोबर, उसाच्या फडावरून परतणाऱ्या टोळ्यांबरोबर. नवरा आधी गेला, बायको मागं राहिली, अशी घरं या तालुक्यात शोधायला लागत नाहीत. 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं औषध मोफत द्यायला सुरुवात केली. त्या काळच्या स्टॅव्हुडीननं माणसं वाचली, पण गाल आत गेले, तळपाय जळायला लागले. गाल बघून गाव ओळखायचं, म्हणून बायका उन्हाळ्यातसुद्धा पदर तोंडावर घेऊन दुकानात यायच्या. तेव्हा पस्तिशीत असलेली बाई आज पंचावन्नच्या पुढं आहे. तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबलेला आहे, तिला नातवंडं आहेत, बीपी आहे, आणि दोन्ही गुडघे गेलेत.

दुसरा गट मला जास्त काळजीचा वाटतो. ज्यांना साठीनंतर कळतं, किंवा कळतच नाही, अशांचा.

शेजारच्या एका गावातले एक काका, नोकरीतून निवृत्त, बायको काही वर्षांपूर्वी वारलेली. आधी नागीण उठली. या वयात होते, म्हणून मलम आणि गोळ्या. मग वजन उतरलं, तर शुगर तपासली. मग जुलाब थांबेनात, तर पथ्य सांगितलं. शक्तीची इंजेक्शनं झाली, सलाईनं झाली. एका खासगी दवाखान्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. वर्षभर माझ्याच दुकानातून औषधं गेली. शेवटी टीबी निघाला, आणि टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी सरकारी कार्यक्रमात करतातच, म्हणून हा निकाल हाती आला. तोवर सीडी-4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, इतक्या खाली गेल्या होत्या की टीबी आणि एचआयव्ही दोन्हींची औषधं चालू करतानाही डॉक्टरांना जपून पावलं टाकावी लागली. म्हाताऱ्या शरीरात औषधानं विषाणू दबतो, पण सीडी-4 पेशी तरण्याइतक्या वेगानं भरून येत नाहीत. उशीर म्हाताऱ्याला महाग पडतो तो इथं.

मधल्या तीन डॉक्टरांपैकी एकालाही ही तपासणी का सुचली नाही? सुचली असणार. विचारायचं धाडस झालं नसणार. त्यातल्या एकांनी नंतर मला सांगितलं, "बापाच्या वयाच्या माणसाला असलं कसं विचारायचं?" मला हे पटत नाही. बापाच्या वयाच्या माणसाला शौचाला कसं होतं, लघवी किती वेळा होते हे आपण बिनदिक्कत विचारतो. विधुर माणसाला शरीर नसतं, विधवेला तर मुळीच नसतं, असं गृहीत धरून आपण चाललोय. नातेवाईक तर भांडायलाच उठतात: "आमच्या आबाची ही तपासणी कामून करायलेत तुम्ही?" कंडोमचं म्हणाल, तर ते आपल्याकडं पाळणा लांबवायचं साधन. पाळी गेलेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला ते कशाला, असं सगळेच समजतात. पाळी गेल्यावर बाईच्या योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, जखम सहज होते आणि संसर्गाचा धोका उलट वाढतो, हे त्यांना सांगणार कोण?

सरकारी हिशोबही तरण्यांचाच. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्के असं आपण वाचतो, ते 15 ते 49 या वयाचं असतं. 2023 च्या राष्ट्रीय अंदाजात देशात 25 लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगतात. महाराष्ट्रात त्यांची संख्या सगळ्या राज्यांत जास्त, चार लाखांच्या घरात. या एकूण आकड्यात पन्नाशीपुढचे येतात, पण ठळक छापल्या जाणाऱ्या टक्केवारीत येत नाहीत. प्रतिबंधाचे कार्यक्रम ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया, गरोदर बाया यांच्यासाठी आहेत आणि ते असायलाच हवेत. म्हाताऱ्यांसाठी मी एकही भित्तिपत्रक पाहिलेलं नाही. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक आज पन्नाशीच्या पुढं आहेत, आणि गंमत म्हणजे तिथंही सरसकट तपासणीची शिफारस पासष्टीच्या आसपास येऊन थांबते. म्हणजे ही लाज काही आपल्या एकट्याची नाही.

सवलती आहेत, नाहीत असं नाही. एसटीत एचआयव्हीबाधितांना तिकीट पूर्ण माफ आहे. पण ते प्रमाणपत्र गंगाखेडच्या बसस्थानकावर, गावच्याच कंडक्टरसमोर, भरल्या गाडीत काढायचं कुणी? बायका आपलं अर्ध्या तिकिटावर जातात, पासष्टीच्या आतले पुरुष पूर्ण तिकीट काढतात, त्यापुढचे अर्धं. पंच्याहत्तरी गाठली की सगळ्यांनाच फुकट, तेव्हा प्रश्न मिटतो. संजय गांधी निराधार योजनेतही या आजाराचा समावेश आहे. तिथंही कागद तलाठ्यापासून तहसीलपर्यंत किती हातांतून जाणार, याचा विचार करूनच माणूस मागं फिरतो. 2017 चा एचआयव्ही कायदा गुप्ततेचा हक्क देतो, 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. योजना आखणाऱ्यांनी तो वाचून मग अर्जाचा नमुना ठरवायला हवा होता.

माझं मागणं फार मोठं नाही. एआरटी सेंटरवर प्रत्येक रुग्णाची नोंदवही असते. त्यात बीपी, शुगर, गुडघ्याच्या गोळ्यांचीही नोंद व्हावी आणि पन्नाशीनंतर किडनी नि हाडांकडं तिथंच बघावं. शक्य असेल तर बीपी-शुगरच्या गोळ्याही त्याच खिडकीवर मिळाव्यात. तब्येत स्थिर असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या एआरटी गोळ्या एकदम मिळतात, मग या का मिळू नयेत? माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ द्या. आम्हा मेडिकलवाल्यांनी दुकानात आडोशाची एक जागा ठेवावी. स्टूल आणि पडदा, एवढ्याचाच खर्च आहे.

आणि गावातल्या डॉक्टरांना एक सांगणं. वारंवार नागीण, महिनाभर न थांबणारे जुलाब, कारण न सापडलेलं वजन उतरणं, तोंडातला पांढरा थर, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, यातलं काहीही घेऊन साठीचं किंवा सत्तरीचं कुणी आलं, तर शुगर, थायरॉईडच्या यादीत एचआयव्हीही धरा. पेशंटला बाजूला घ्या, मुलाला बाहेर थांबवा, नीट सांगा, त्याची संमती घ्या. स्वतःला बोलायला अवघड वाटत असेल तर उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही तपासणीच्या केंद्राला, पाठवा. तिथं समुपदेशक बसतात, पैसे लागत नाहीत, निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो, आणि 1097 या नंबरवर फोन करून नाव न सांगताही विचारता येतं.